काठीशिवाय एक फेरी

हे मी आजवर तोंडातून बाहेर काढलेलं नाही. आईला सांगितलं नाही, नवऱ्याला नाही, देवापुढंसुद्धा नाही — तिथं हात जोडले की मी भलतंच काहीतरी मागून मोकळी होते. तुम्ही मला ओळखत नाही. कदाचित म्हणूनच जमेल.

मी ॲनिमेशनमधली पात्रं चालवते. हैदराबादला एका स्टुडिओत नोकरी आहे. चित्र दुसरं कुणीतरी काढतं, ते उठून कसं उभं राहील, पाऊल कसं टाकेल, दचकेल कसं, हे माझं काम. माझ्या पात्रांना वजन असतं, असं लोक म्हणतात. त्यातून पात्र म्हातारं असेल तर काम हमखास माझ्याकडेच येतं. दर वेळी नको म्हणायचं ठरवते. आणि दर वेळी मी हो म्हणते — का म्हणते?

शिकत होते तेव्हा हे काहीच येत नव्हतं. पूर्णेहून रोज रेल्वेनं परभणीला क्लासला जायची. माझं पात्र पाय उचलायचं, टाकायचं, सगळं पुस्तकात दिल्यासारखं, तरी ते चालतंय असं वाटायचं नाही. सर म्हणायचे, "हा माणूस तरंगतोय. ह्याच्या अंगात वजन कुठाय? अन् घाई कशाची झाली त्याला?" पोरं हसायची. शेवटी सरांनी प्रत्येकाला एकेक माणूस वाटून दिला. माझ्या वाट्याला आला म्हातारा. खरा माणूस बघा, म्हणाले. मोबाइलवर शूटिंग करा, एकेक फ्रेम थांबवून बघा.

मला लांब जायची गरजच नव्हती.

माझे बाबा रेल्वेत गँगमन होते. सगळी नोकरी रुळांवरून चालण्यात गेली. निवृत्त झाले आणि वर्षाच्या आत लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. थोडेच शब्द उरले. "हो." "बास." आणि "ही". "ही" म्हणजे आई, "ही" म्हणजे मी, "ही" म्हणजे चहासुद्धा. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं होतं. सकाळी पूजा झाली की विभूती लावून ते अंगणात यायचे आणि काठी टेकत भिंतीपासून तुळशीपर्यंत, तुळशीपासून भिंतीपर्यंत फेऱ्या मारायचे. आम्ही दोघं एकाच वेळी चालायला शिकत होतो, असं मी मैत्रिणींना हसून सांगायची.

मी शूटिंग करायला लागले तर बाबा खूश झाले. हो, खूश. तोवर त्यांच्याकडं सगळे काळजीनं बघायचे, नाहीतर बघायचंच टाळायचे. आता लेक मोबाइल धरून समोर बसतेय, "बाबा, आणखी एकदा" म्हणतेय. ते परत फिरायचे. दमले तरी फिरायचे. माझ्यासाठी.

पण रात्रंदिवस ते व्हिडिओ बघूनही मला हवं ते सापडत नव्हतं. काठी आड यायची. सगळा भार तिच्यावर जायचा, अंगातून तो कसा सरकतो ते दिसतच नव्हतं.

त्या सकाळी आई बाजारला गेली होती. बाबांच्या चार फेऱ्या झाल्या असतील-नसतील. "बास?" त्यांनी विचारलं. आणि मी म्हणाले —

मी म्हणाले, "बाबा, काठी ठेवा ना बाजूला. एकच फेरी. काही होत न्हाई, मी हाय ना."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. काठी भिंतीला टेकवली आणि निघाले.

पडणारा माणूस आपल्याला वाटतो तसा धाडकन पडत नाही. आधी तो थांबतो. भार एका पायावरून निघालेला असतो आणि दुसऱ्यावर पोचलेला नसतो, त्या मधल्या जागी सगळं अंग क्षणभर तसंच उभं राहतं. मग डोकं कळतं न कळतं असं मागं जातं, चांगला हात वर येतो. हे मी तेव्हाच बघितलं, मोबाइलमधून, डोळे न मिटता. आणि माझ्या मनात काय आलं, सांगू? बाबा पडायलेत, असं नाही आलं. सापडलं, असं आलं.

मला आनंद झाला हो. हात लांब केला असता तर पोचला असता. तो हात मोबाइल धरून राहिला.

आवाज झाला. त्यानंतरही मी लगेच उठले नाही. ते कुशीवर कसे वळतात, ते टिपत राहिले. किती वेळ? मला माहीत आहे, व्हिडिओत दिसत होतं. पण तेवढं सांगवत नाही.

खुब्याचं हाड मोडलं होतं. शेजारी धावत आले, तेवढ्यात आईही आली. काठी भिंतीलाच टेकलेली. आई किंचाळली, "काठी कुणी सोडायला सांगितली होती तुमाला?" आणि कुणी काही बोलायच्या आत माझ्याच तोंडून, माझ्याच आवाजात निघालं, "कितीदा सांगितलं त्यांना काठी सोडू नका म्हणून! ऐकतच न्हाईत."

मी हे बोलले. बोलताना मला स्वतःलाच ऐकू येत होतं. कुणी दुसरंच बोलतंय, असं वाटत होतं, तरी वाक्य पुरं केलं. बाबा जमिनीवरून माझ्याकडं बघत होते. विभूती घामानं ओघळून भुवईत उतरली होती. "ही," ते म्हणाले. "ही... ही..." आई खाली बसली, त्यांचं डोकं मांडीवर घेऊन म्हणाली, "हाय ना, इथंच हाय ती. घाबरू नका."

त्यांना काय सांगायचं होतं? हिनंच सांगितलं असं म्हणत होते, की नुसती मला हाक मारत होते? त्यांनी पुन्हा प्रयत्न केला नाही.

ते परत चालले नाहीत. दोन पावसाळे खाटेवर काढले आणि गेले. आई त्यांचं सगळं करायची, आणि करता करता बोलायची. लय हट्टी. स्वतःच्या हातानं ओढवून घेतलं. माझं आयुष्य खाटेला बांधलं. ते छताकडं बघत ऐकायचे. मी शेजारच्या खोलीत कॉम्प्युटरवर बसलेली असायची. आई चुकत होती हे या जगात दोघांनाच माहीत होतं, आणि त्यातल्या एकालाच बोलता येत होतं.

व्हिडिओचा आवाज मी आधी काढून टाकला. मग त्यावरून काम पुरं केलं, आणि मग व्हिडिओही काढून टाकला. म्हातारा चालतो, थांबतो, पडतो. क्लासमध्ये कुणीच हसलं नाही. सर खुर्चीवरून उठले. "याला म्हणतात टायमिंग. कुठं बघितलंस हे?" मी म्हणाले, कुठं नाही, मनानंच केलं. त्या कामावर मला नोकरी लागली. पेढे घेऊन घरी आले तेव्हा बाबांनी डाव्या हातानं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मी तो फिरवू दिला.

मागच्या महिन्यात पूर्णेला गेले होते. मानवतची मावशी आली होती. चहा पिता पिता बाबांचा विषय निघाला. आई परत तेच सांगायला लागली, काठी, हट्ट, अंगण. मावशी हळहळली. मग आईनं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "या लेकराचं तरी ऐकायला पायजे होतं त्यांनी."

मी मान हलवली. चहा संपवला.

त्यांनी ऐकलं होतं. माझंच ऐकलं होतं.