मुद्देमालातलं कुलूप

“गाडी एक बोट पुढं सरकली त खबरदार! कोर्ट चालू हाय!”

दिग्रसहून पुसदला निघालेली सरकारी बस भर रस्त्यात उभी होती, बससमोर आमचे घरमालक उभे होते, आणि त्यांच्या मिटलेल्या छत्रीचं टोक ड्रायव्हरच्या नाकावर रोखलेलं होतं. ड्रायव्हरचा गुन्हा असा, की तो बस आमच्या फाट्यावर न थांबवता मनाला येईल तिथं, बहुधा पार पुढच्या नाल्यापाशी थांबवायचा आणि बायाबापड्या डोक्यावर गाठोडी घेऊन मागं चालत यायच्या. घरमालकांनी तिथंच बोनेटवर कागद पसरून तीन प्रवाशांच्या साक्षी घेतल्या. एक साक्षीदार फितूर झाला, त्याला खाली उतरवून उलटतपासणी केली. “तुमचा अधिकार काय?” ड्रायव्हर ओरडला. “चाकं माह्या हद्दीत हायेत,” घरमालक म्हणाले, “इंजिनाचं मंग पाहू.” त्या दिवसापासून बस फाट्यावर तर थांबेच, पण घरमालक शेतात दिसले तर ड्रायव्हर शेताच्या कडेला धुऱ्याशी गाडी हळू करून, हॉर्न वाजवून रामराम घाली.

कोणाला खोटं वाटलं तर वाटो, पण न्यायदेवतेच्या डोळ्यांवर पट्टी बांधली तेव्हा तिचा हात धरून रस्ता ओलांडून द्यायचं काम देवानं आमच्या घरमालकांकडे सोपवलं होतं. बाकीची कोर्टं माणसं चालून येण्याची वाट पाहतात. हे कोर्ट स्वतःच चालत जाई.

मी नेरचा. नवाकोरा मास्तर म्हणून त्या गावात रुजू झालो आणि त्यांच्या ओसरीलगतच्या खोलीत भाड्यानं राहिलो. गावात तेव्हा न्यायपंचायत होती. ढोर पिकात शिरलं, कुंपण सरकलं, शिवीगाळ झाली, अशा बारक्या भांडणांचा निवाडा गावातच, वकिलावाचून व्हायचा. घरमालक तिचे मुख्य पंच. माझं अक्षर बरं, म्हणून मी तिचा कारकून. पगार म्हणून घरमालकीण काकूंच्या हातची भाकर. आता कायदा असा, की कोणी तक्रार घेऊन आलं तरच पंचांनी कान द्यायचे. पण तक्रारीची वाट पाहणं घरमालकांच्या रक्तातच नव्हतं. “न्याय आंधळा असते म्हनतात मास्तर,” ते मला सांगत, “पन बहिरा त नसते ना?” एकदा एकाचा बैल दुसऱ्याच्या पऱ्हाटीत शिरला. दोघांनी चहा पिऊन आपसात मिटवलं. घरमालकांनी दोघांनाही बोलावून घेतलं, कोर्टाला न विचारता भांडण मिटवल्याबद्दल!

मुद्देमाल जप्त करायची तर त्यांना भारी हौस. घरातल्या ज्वारीच्या कोठीशेजारी एक रिकामी कोठी खास त्यासाठी ठेवलेली. तिच्यात बैलाच्या घंटा होत्या, एक वादग्रस्त विळा होता, एक नुसती डाव्या पायाची चप्पल होती. एका सासूसुनेच्या भांडणात तर लोणच्याची बरणी जप्त झाली होती. निकालाआधीच ती संपली. पुरावा रोज तपासण्यात मीही होतो, हे इथं कबूल करतो.

मग विहिरीचं प्रकरण झालं.

सरकारी मदतीतून गावात नवी विहीर झाली. पाणी असं लागलं, की खणणारे भिजूनच वर आले. ग्रामपंचायतीनं भोवती तारेचं कुंपण घातलं, लोखंडी फाटक बसवलं, आणि हात वर करून ठराव केला: नासधूस नको म्हणून कुलूप, आणि किल्ली सरपंचांकडे. मागेल त्याला किल्ली मिळे. मिळत नसे ती फक्त गावाच्या कडेच्या वस्तीला, ज्यांनी दोनच वर्षांपूर्वी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती त्यांना. “उद्या या,” एवढंच उत्तर. त्या बाया तळपत्या उन्हात नाल्याच्या वाळूत झिरा उकरून वाटीवाटीनं पाणी भरीत. अशा वागण्याविरुद्ध कायदा होता. पण कायदा दूर शहरात आणि कुलूप गावात. तक्रार कोण करणार? वस्तीतली निम्मी माणसं सरपंचांच्याच शेतात कामाला.

घरमालकांनी कोर्ट भरवलं. तक्रारदाराच्या रकान्यात काय लिहू, म्हणून मी विचारलं. “मोकळा ठेवा.”

वस्तीतली कौसाबाई साक्षीला आली. घरमालकांनी विचारलं, “बाई, तुमची तक्रार हाय काय?”

“तक्रार नाही जी,” ती म्हणाली. “तहान हाय.”

“लिवा मास्तर.”

सरपंच उसळले. “आमाले लोकायनं निवडून देल्लं! ठराव बहुमतानं झाला! तुमी कोन तो मोडनारे?”

“बहुमतानं विहीर खोदता येते सरपंचसाहेब,” घरमालक म्हणाले. “कोनाले तहान लागावी हे नाही ठरवता येत.”

“मोठे आले! तुमच्या घरच्या विहिरीवर कोन येते जी पानी भराले?”

जन्मात पहिल्यांदा घरमालक चालत्या कोर्टातून उठले आणि छत्री विसरून घरी गेले. मीही मागोमाग. काकू दाणे निवडत होत्या. घरमालक त्यांच्यापुढं उभे राहिले, आरोपीसारखे. “आपल्या विहिरीवर उद्यापासून वस्तीतल्या बाया येतीन.” काकूंनी मान वर केली नाही. “मंग दोर नवा आना. जुना तुटाले आला.”

परत येऊन त्यांनी पहिला हुकूम कोर्टाच्या मालकाविरुद्ध, म्हणजे स्वतःविरुद्ध दिला आणि दुसरा ग्रामपंचायतीविरुद्ध: दोन्ही विहिरी सगळ्यांना खुल्या. घरची विहीर होळीलाच तळ दाखवी, त्यामुळे खरा प्रश्न दुसऱ्या हुकुमाचाच होता. सगळे विहिरीवर गेले. सरपंचांनी किल्ली द्यायला नकार दिला, तेव्हा लोहारानं कुलूप काढलं आणि ते मुद्देमाल म्हणून जप्त झालं. सगळे एकमेकांची तोंडं बघत असताना कौसाबाईनं कोणाचीही वाट न पाहता बादली खाली सोडली.

सरपंचांनी वरच्या कोर्टात दाद मागितली. पावसाळा गेला, पिकं निघाली, तेव्हा निकाल आला: न्यायपंचायतीला असा अधिकारच नाही, तक्रारदार नाही, सबब हुकूम रद्द. मी दोनदा वाचून दाखवला. मला वाटलं, आता छत्री घेऊन हे पायीच वरच्या कोर्टावर निघणार.

“बराबर हाय,” ते शांतपणे म्हणाले. “सारेच पंच माह्यासारखे वागले त लोकायनं मत कायले द्याचं?” मग छत्री भिंतीला टेकवत, “कुलपाचं काय लिवलं?”

“काही नाही.”

“मंग मुद्देमाल कोठीतच राहीन.”

सरपंच दुसरं कुलूप घेऊन आले. “लावा ना,” घरमालक म्हणाले. “मास्तर लिहून ठेवतीन, खटल्यातला पुरावा बदलला म्हनून.” वरच्या कोर्टाची एक पायरी चढून आलेल्या सरपंचांना दुसरी चढायची हिंमत नव्हती. शिवाय तोवर त्यांच्याच घरची सून कौसाबाईचा दोर मागून घेऊ लागली होती. फाटक उघडंच राहिलं.

पुढच्या वर्षी पंचांच्या यादीत घरमालकांचं नाव नव्हतं. त्यानंतर ते ओसरीवर बसत. रस्त्यात दोघांचं वाजलं, की छत्री आपोआप वर उचलली जाई आणि मग हळूच खाली येई. माझी ढाणकीला बदली झाली, तेव्हा फाट्यावर सोडायला आले. बस नेमकी त्यांच्यासमोर थांबली. त्याचंही त्यांना फारसं काही वाटलं नाही.

घरमालक गेल्याचं कळलं तेव्हा मी काकूंना भेटायला गेलो. काकूंनी कोठी उघडून दिली. घंटा, विळा, चप्पल, आणि तळाशी गंजून लाल झालेलं ते कुलूप.

“काकू, हे सरपंचांना परत द्यायचं का?”

काकू ज्वारी पाखडत होत्या. सूप थांबलं नाही.

“कोनाची तक्रार आली काय?”