पाच लाख दहा हजार पाचशे दहा

मकर संक्रांत: माझ्या शेजाऱ्यांनी आमच्या मंडळाच्या स्मरणिकेसाठी लेख दिला. शिवजयंती: संपादकांनी तो परस्पर बदलला. गुढीपाडवा: स्मरणिका घरोघरी पोहोचली. जबाबदार व्यक्ती तीन. संपादक, न वाचता सही करणारे अध्यक्ष, आणि मुद्रिते तपासणारा मी, ज्याने ऱ्हस्व-दीर्घ पाहिले, आकडा पाहिला नाही.

माझ्या या शेजाऱ्यांइतक्या अदबीने संख्येशी वागणारा दुसरा माणूस साऱ्या अमिरातीत नसेल, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे. वाळवंटात रस्त्यांची मोजणी करण्यात उमर घालवलेले हे सर्वेक्षक सिलिकॉन ओएसिसमध्ये माझ्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहतात. टॅक्सीच्या नंबरप्लेटचे अवयव पाडल्याखेरीज त्यांचा रस्ता ओलांडून होत नसे. अकराशे तीन क्रमांकाच्या नव्या भाडेकरूचे त्यांनी लिफ्टमध्ये हात हातात घेऊन अभिनंदन केले, कारण ती मूळ संख्या आहे. त्या गृहस्थाने खाली जाऊन वॉचमनला विचारले, फ्लॅटमध्ये काही दोष आहे का.

जीव मात्र एकाच संख्येवर: पाच लाख दहा हजार पाचशे दहा. दोन, तीन, पाच, सात, अकरा, तेरा, सतरा या पहिल्या सात मूळ संख्यांचा गुणाकार. "प्रत्येक जण एकदाच आलाय, कुणी दोनदा नाही," ते पंगतीचे वर्णन करावे तसे सांगत. शिवाय सातशे चौदा आणि सातशे पंधरा या लागोपाठच्या संख्यांचा गुणाकारही तोच. माझी नात म्हणाली, "बट आजोबा, हाऊ डू यू नो?" त्यांनी तिला कागद दिला. दोन्ही गुणाकार करून ती म्हणाली, "ओके, इट्स काइंड ऑफ क्यूट." हे प्रशस्तिपत्रक ते महिनाभर ज्याला त्याला ऐकवत होते.

त्यांचा लेख याच संख्येवर होता; स्मरणिकेत छापले गेले: 'सुमारे पाच लाख दहा हजार'. मी संपादकांना जाब विचारला. "काका, ऑफिसमध्ये सगळंच राऊंड-ऑफ करतो आम्ही. एवढे डिजिट्स कोण वाचतं? प्रिंट झालंय, खलास."

शेजाऱ्यांनी माझ्यादेखत त्या छापील संख्येला सातने भागले. एक उरला. अकराने भागले, सात उरले. तेराने, दहा. "साहेब, तिघांना घराबाहेर काढलं की हो," ते म्हणाले, आणि पेनाला टोपण लावले. "मी संख्या दिली होती. अंदाज दिला नव्हता."

त्यांच्या नावाने आयुष्यात छापलेला हा एकमेव मजकूर. पुढच्या महिन्यात व्हिसा रद्द करून ते कायमचे मिरजेला, मुलीकडे निघाले आहेत; स्मरणिका सामानात घेतलेली नाही. काल आम्ही रस्ता ओलांडत होतो. समोरून टॅक्सी गेली. मी मुद्दाम थांबलो. त्यांनी प्लेटकडे पाहिले नाही.

ते जाण्यापूर्वी ऊद मेथा भागात मंडळाची एक सभा आहे. पहिल्या रांगेतली खुर्ची मी त्यांच्यासाठी राखून ठेवणार आहे आणि माझी चूक मी प्रथम कबूल करणार आहे. त्यानंतर संपादकांनी उभे राहून सहाही अंक एकेक करून वाचावेत, आणि 'सुमारे' हा शब्द कोणत्या अधिकाराने घातला, याचे सही करणाऱ्या अध्यक्षांनी माझ्या शेजाऱ्यांसमक्ष जाहीर उत्तर द्यावे.