न पडलेला आकडा

पोलीस भरतीसाठी मी चिखलीच्या ग्राउंडवर पळायचे. सुरुवातीला सगळ्या मुलींच्या पुढे असायचे, मग पोटऱ्या आखडायच्या, आग आग व्हायची आणि मी मातीतच बसकण मारायचे. "नाटकं करून राह्यली," अकॅडमीचे सर सगळ्यांसमोर म्हणायचे. अरे, नाटकंच करायची असती तर घरी पंख्याखाली केली असती! इथं फुफाट्यात कशाला मरायला आले असते?

मला वर्दी पाहिजे होती. वडील गेल्यापासून जो तो उठून आमच्या दारात अक्कल शिकवायला यायचा. वर्दी अंगावर आली की त्यांची तोंडं बंद होणार, असं मी धरूनच चालले होते.

रक्त तपासलं, छाती तपासली, सगळं ठीक निघालं. मग तर गावात पक्कंच झालं, पोरगी कामचोर आहे. शेवटी चिखलीच्या डॉक्टरांनी नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. आई सोबत आली.

तिथं एका मुलीनं माझ्या पोटरीला काडेपेटीएवढं यंत्र बांधलं, वरून काळं फडकं गुंडाळलं. त्यातून उजेड कातडीच्या आत जातो आणि स्नायूत किती ऑक्सिजन आहे त्याचा आकडा पडद्यावर दिसतो, म्हणाली. ना सुई, ना रक्त. भिंतीला हात टेकून टाचा वर-खाली करायच्या, बस्स.

आईला ऑक्सिजन म्हटलं की एकच गोष्ट ठाऊक. कोरोनात वडिलांच्या बोटाला चिमटा लावून ती आकड्याकडे बघत बसायची. तो पडत गेला आणि वडील गेले. आमच्याकडे तेव्हापासून म्हाताऱ्याकोताऱ्यांनाही कळतं, आकडा टिकला की माणूस टिकला.

मी टाचा उचलत होते. पोटऱ्या जळायला लागल्या, डोळ्यांतून पाणी आलं. आकडा होता तिथंच. आईनं पदर तोंडाला लावला आणि तिथूनच मामाला फोन केला, "पडलाच नाही रे! पोरगी ठणठणीत आहे माही!" मामाला सांगितलं म्हणजे गावाला सांगितलं.

डॉक्टर आल्या, त्यांनी पडदा बघितला. मग आईला म्हणाल्या, "मावशी, तुम्ही उभ्या राहता का जरा?" यंत्र आईच्या पोटरीला बांधलं. तिनं टाचा उचलायला घेतल्या आणि आकडा सरसर खाली यायला लागला. आई पांढरीफटक. "काढा हो हे! मले काय झालं?"

"काही नाही झालं. असाच पडायला पाहिजे. तुमचा स्नायू काम करतो, म्हणून ऑक्सिजन खातो. तिचं रक्त ऑक्सिजन आणून देतंय, पण स्नायूला तो वापरताच येत नाहीये."

"मंग औषध द्या न."

आजाराचं नाव पुढच्या तपासण्यांनंतर कळेल, त्या म्हणाल्या. पण शर्यतीचं पळणं आजपासून बंद, जोर केला तर स्नायू आणखी खराब होतील. यावर खात्रीचं औषध सध्या तरी नाही. मी रडले नाही. डॉक्टरांचाच राग आला. कोण कुठली बाई, मला बंद म्हणते!

परतताना एसटीत आईचा फोन सारखा वाजत होता. "हाव, चांगलं आलं," ती प्रत्येकाला सांगत होती. सांगितलेलं परत कसं घ्यायचं ते तिला कळत नव्हतं, आणि मी तर तिला ते घेऊच देणार नव्हते.

दुसऱ्याच दिवशी सर दारात. मामानं त्यांनाही कळवलं होतं. "काऊन वं, मशीननं ठणठणीत सांगितलं न? उद्या ग्राउंडवर दिस मले. आता नाटकं बंद."

मी आतून हो म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात आई उंबऱ्यात जाऊन उभी राहिली.

"ती नाटकं नाही करत सर. तिच्या पायात बिमारी आहे, दवा नाही तिले. माही पोरगी आता कधीच नाही पळत."

सरांचा चेहरा उतरला. हात जोडले, पाणीही न पिता निघून गेले. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्या बाजूनं बोललं होतं, आणि मी आईवर तुटून पडले. "काऊन सांगितलं तू? कोणी सांगायले लावलं होतं तुले?"

लोक कामचोर म्हणत होते तोवर मी उद्या पळून दाखवणार होते. आता तो उद्याच राहिला नव्हता.