मंदाची अर्धशिशी

यवतमाळच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "यांच्या हृदयात छिद्र आहे, आधी कधी कळलं होतं का?" तेव्हा उत्तर मी दिलं. मला कोणी विचारलं नव्हतं, पण मंदाच्या बाबतीत आपणच बोलायचं ही माझी जुनी सवय. म्हटलं, "नाही हो डॉक्टर, तसलं काही नाही तिला. तिला अर्धशिशी आहे, लग्नाच्या आधीपासून. हृदयाचं कधी काही निघालं नाही." डॉक्टर वयानं लहानच होते. त्यांनी माझं ऐकून घेतलं आणि शेजारी उभ्या असलेल्या सुधाकरभाऊंकडे, मंदाच्या नवऱ्याकडे, पाहिलं. भाऊ खाली फरशीकडे बघत होते. तसेच म्हणाले, "माहीत होतं साहेब."

त्या दिवशी सकाळी मी भाजीबाजारात असताना मंदाच्या मुलीचा, प्रणालीचा, फोन आला होता. "मावशी, आई पडली. तोंड वाकडं झालं, बोलून नाही राह्यली." पिशवी तिथंच भाजीवालीकडे टाकून मी धावत घरी आले. दिग्रसमध्ये आमची घरं एका भिंतीची. गाडी केली, मंदाचं डोकं मांडीवर घेतलं आणि यवतमाळ येईपर्यंत मीच सगळ्यांना धीर देत होते की अर्धशिशीच जोरात उठली असेल, एक उलटी झाली की मोकळी होईल. भाऊ पुढच्या सीटवर बसले होते. ते वळून एक शब्द बोलले नाहीत. त्यांना ठाऊक होतं की मी बडबडतेय त्यात काही अर्थ नाही, आणि तरी त्यांनी मला बडबडू दिलं. मंदा त्यातून उठली नाही.

आता तेरवी होऊन काही आठवडे झाले. पेपरची पुरवणी बघणारे एक ओळखीचे गृहस्थ म्हणाले, "शोभाताई, तुमच्या मैत्रिणीवर चार ओळी लिहा." लिहिते. पण माझा राग चार ओळींत मावणारा नाही, आणि गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं ही रीत मला या वेळी पाळता येणार नाही.

मी शाळेत मराठी शिकवते, मंदा घरी ब्लाउज शिवायची. मी नवी सून म्हणून त्या गल्लीत आले तेव्हा पहिला ब्लाउज तिच्याकडे टाकला आणि तो दंडाला घट्ट झाला. मी तणतणत गेले. तिनं ब्लाउज उलटा करून पाहिला, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "माप बरोबर हाय. माहेरी जाऊन आली ना मधात? काय खाल्लं तिथं?" मी भांडायला गेले होते, हसत परत आले. त्यानंतर आमच्यात काही लपलेलं नव्हतं... असं मी समजत होते. माझ्या नवऱ्याची दारू, ती सुटली ती कथा, माझा पडलेला गर्भ, सगळं त्या शिलाई मशीनशेजारच्या पाटावर बसून मी तिला सांगितलं आहे. ती पायानं मशीन चालवत ऐकायची आणि मी रडायला लागले की पाय थांबवायची.

तिची अर्धशिशी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी घाबरले होते. सुईत दोरा ओवता ओवता ती थांबली. म्हणाली, "शोभे, सुईचं भोक गेलं वं." मला वाटलं गंमत करतेय. तिला समोरचा अर्धाच ब्लाउज दिसत होता. अर्ध्या भागात वाकड्यातिकड्या चमकणाऱ्या रेघा, उन्हात पत्रा हलावा तशा. थोड्या वेळानं रेघा गेल्या आणि उजव्या बाजूचं डोकं ठणकायला लागलं. मग दिवसभर अंधारात पडून राहणं, उलट्या, फोडणीचा वास नको, कोणाचा आवाज नको. तिची सासू म्हणायची, दिवाळीची शिवणं आली की बरोबर हिचं डोकं दुखते. सासू गेली, पण ते वाक्य जावेनं उचललं. मी त्या दोघींशीही भांडले. "डोकं दुखणं म्हणजे नाटक नव्हे" हे मी त्या ओसरीत उभं राहून किती वेळा ऐकवलं असेल. तिची वकील होते मी, आणि माझ्याच पक्षकारानं मला खटला काय आहे ते सांगितलं नव्हतं.

उपाय तर काय काय केले. सूर्य उगवायच्या आत, कोणाशी न बोलता, दुधात बुडवून जिलेबी खाल्ली की अर्धशिशी जाते असं आमच्याकडे जो तो सांगतो. मी आदल्या संध्याकाळी जिलेबी आणून ठेवायची, पहाटे दूध तापवून गच्चीवर न्यायची. आम्ही दोघी पूर्वेकडे तोंड करून खायचो. एकटीला कसं खाऊ घालायचं म्हणून मीही खायची. तिचं डोकं दुखायचं थांबलं नाही, माझी मापं मात्र तिला दरवर्षी बदलावी लागली. न बोलता खायचं असल्यानं हसू दाबता दाबता दूध नाकात जायचं. कळंबच्या चिंतामणीला आम्ही दोघी गेलो तेव्हा तिच्या डोक्यासाठी नवस बोलले. देवासमोर डोळे मिटून "तिचं डोकं दुखायचं थांबू दे" म्हणाले. नवस चुकीच्या अवयवाचा होता हे देवाला माहीत असणार, मंदालाही माहीत होतं. ती माझ्या शेजारीच हात जोडून उभी होती. एकटी मीच अडाणी.

कारण त्याच्या आधीच ती नागपूरला जाऊन आली होती. मला सांगितलं, "चष्म्याचा नंबर काढाले चालली, तिथं आमच्या भाऊजीच्या ओळखीचा डॉक्टर हाय." मी म्हटलं मीही येते, मला सुट्टी आहे. "कायले? तू आपली पोरांचे पेपर तपास." परत आली तर डोळ्यावर तोच जुना चष्मा. विचारलं तर म्हणाली नंबर तोच निघाला. माझ्यासाठी संत्रा बर्फी आणली होती. मी मुलाबाळांसकट मिटक्या मारत ती बर्फी खाल्ली. आज आठवलं तरी तोंड कडू होतं.

खरं काय घडलं ते तेरवीनंतर भाऊंनी सांगितलं. मी त्यांना समोर बसवलं आणि म्हटलं, आता सांगा, मी ऐकल्याशिवाय उठत नाही. भाऊ कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर काम करतात, मोजकं बोलणारा माणूस. म्हणाले की मधे मंदाला जिना चढताना दम लागायला लागला होता. इथल्या डॉक्टरांना छातीत वेगळा आवाज आला, त्यांनी नागपूरला पाठवलं. तिथं सोनोग्राफीसारख्या यंत्रानं हृदय पाहिलं आणि जन्मापासूनचं छिद्र निघालं. तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी आधी डोक्याचंच विचारलं, डोकं दुखायच्या आधी डोळ्यांपुढे रेघा येतात का म्हणून. "मंदा एकदम उठून बसली ताई," भाऊ म्हणाले, "म्हणे, यायले कसं समजलं?" डॉक्टरांनी समजावलं की असं छिद्र असलेल्या काही लोकांना अशी अर्धशिशी असलेली दिसते, दोन्हींचा संबंध असावा असं वाटतं, पण नक्की कसा ते अजून सांगता येत नाही, आणि छिद्र बंद केलं म्हणून डोकं थांबेलच असंही नाही. मात्र हे छिद्र मोठं आहे, यातून रक्ताची गुठळी मेंदूकडे जाऊ शकते, बंद केलेलं बरं. छाती फाडायची नाही, मांडीच्या शिरेतून नळी घालून करतात.

"मग काहून नाही केलं?" मी ओरडलेच.

"प्रणालीचं लग्न होऊ दे म्हणे. मायच्या काळजाले भोक हाय असं गावात झालं तं पोरीले कोण करीन? पोरीलेही असंन म्हणतीन. पोरगी उजवली का मंग खुशाल कापा मले, म्हणे."

"आणि मला? मला काहून नाही सांगितलं? मी काय गावात दवंडी देणार होते?"

भाऊंनी मान वर केली नाही. "तुमचंच तं भेव होतं तिले ताई. म्हणे, शोभाले समजलं तं ती मले उचलून नेईन. तिच्यापुढं माझं नाही चालत. तिले सांगसान तं माझं मेलेलं तोंड पाहसान."

घ्या. म्हणजे साऱ्या जगात एकच बाई अशी होती की जिनं तिला ओढत नेऊन टेबलावर झोपवलं असतं, आणि नेमकं तिच्यापासूनच ते जपून ठेवलं. जावेला माहीत होतं. नागपूरच्या भाऊजींना माहीत होतं. मला मात्र पहाटे गच्चीवर जिलेबी आणू दिली. मैत्रीचा याहून मोठा दगा मला माहीत नाही, आणि भाऊंनी तिची शपथ पाळली म्हणून मी त्यांनाही माफ केलेलं नाही. नवऱ्यानं बायकोची शपथ मोडायची नाही तर कोणी मोडायची? मी यवतमाळच्या त्या तरुण डॉक्टरांना परत जाऊन भेटले. ते सरळ माणूस आहेत, म्हणाले, वेळेवर बंद केलं असतं तर हे टळलं असतं असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही, पण गुठळी त्याच वाटेनं गेली असावी. निघताना त्यांनी विचारलं, यांची मुलं आहेत का, त्यांनाही एकदा तपासून घ्या. मी ते भाऊंना येऊन सांगितलं. भाऊ "हो, पाहू" म्हणाले. ही "हो, पाहू" या घरातली जुनी रीत.

आणि घरात तर लग्नाची घाई सुरू झाली होती. आई गेली की वर्षाच्या आत मुलीचं लग्न करावं, नाहीतर तीन वर्षं थांबावं लागतं, हे आमच्याकडचं ठरलेलं. जावेनं पुसदचं एक स्थळ आणलं. मुलगा कृषी केंद्र चालवतो, घर बरं. पाहुणे यायच्या आधी जाऊबाईंनी सगळ्यांना पढवलं की आई बीपीनं गेली असं सांगायचं. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "ताई, तुमी आपल्या चहाकडे पाहजा." म्हणजे गप्प बसा. मी गप्प बसायचं ठरवलं नव्हतं, बोलायचंही ठरवलं नव्हतं. पोरीचं लग्न मोडलं तर मंदानं जिवावर उदार होऊन जे जपलं ते माझ्या एका वाक्यानं जाणार. आणि नाही बोलले तर मीही त्यांच्यातलीच एक. मी पोह्यांवर खोबरं पेरत राहिले.

पाहुणे आले. मुलाची आई चांगली बाई वाटली, शांत आवाजाची. नाव-गाव-शिक्षण झाल्यावर तिनं हळूच विचारलं, "मंदाबाई एकाएकी गेल्या म्हणे. कशानं गेल्या?"

भाऊ म्हणाले, "बीपी वाढलं एकदम."

मी ट्रे खाली ठेवला आणि तोंड उघडलं. पण माझ्या आधी प्रणाली बोलली. खाली मान घालून बसलेली ती पोरगी मान वर करून म्हणाली, "बीपी नव्हतं काकू. आईच्या काळजाले जन्मापासून भोक होतं. तिचं डोकं दुखायचं, रेघा दिसायच्या डोळ्यापुढं. मलेही दिसतात. बारावीपासून. मी अजून तपासलं नाही."

जाऊबाईंचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता, पण मी त्यांच्याकडे पाहत नव्हते. मी प्रणालीकडे पाहत होते. बारावीपासून. म्हणजे भिंतीपलीकडे दोघीजणी आळीपाळीनं अंधारात पडत होत्या आणि मला एकीचंच माहीत होतं. लेक अभ्यासानं थकते, झोपलीय, असं मंदा मला सांगायची. मी प्रणालीला खजूर आणि बदाम नेऊन द्यायची. पुन्हा एकदा मीच मूर्ख ठरले... मी तशीच मंदाच्या मशीनच्या खोलीत गेले. मशीनवर चादर टाकलेली होती. चादरीवर हात ठेवून मी मोठ्यानं म्हटलं, "मंदे, तू लय वाईट वागली माझ्याशी." बाहेर ऐकू गेलं तर जावो.

पाहुण्यांनी चहा घेतला. मुलाच्या आईनं जाताना प्रणालीच्या डोक्यावरून हात फिरवला, "कळवतो" म्हणाली आणि ते पुसदला गेले. त्यांचा निरोप हे लिहीपर्यंत आलेला नाही. येईल, न येईल. जाऊबाई तेव्हापासून आमच्याशी बोलत नाहीत. हे सगळं असं पेपरात लिहू का, हे मी प्रणालीला विचारलं. ती म्हणाली, लिही, माझ्या नावासकट लिही, आता कोणापासून लपवू?

पाहुणे गेले त्या संध्याकाळी मी ओट्यावर बसले होते. प्रणाली आली, माझ्या शेजारी टेकली. रडून रडून तिचा चेहरा सुजला होता. मग म्हणाली, "मावशी, उद्या यवतमाळले येशीन माझ्यासंगं? एकटीले भेव वाटते."

एवढंच. तिच्या आईनं मला एवढंच विचारायचं होतं.