पाटीची हद्द

अप्पा मास्तर रस्त्यावरची पाटी कधी नुसती वाचत नसत. लाल वर्तुळ दिसलं की शेजारी बसलेल्या शिकाऊ माणसाला एकच विचारत, "कुठवर?" घरी भात वाढतानाही काकूंना हेच विचारत असतील, अशी आमची चेष्टा चाले.

कंग्राळीचे मास्तर अर्धं आयुष्य ट्रक चालवून मग ड्रायव्हिंग शिकवायला लागले होते. कॅम्पात 'नो पार्किंग'च्या पाटीखालचा बाण दाखवून म्हणत, "कुठल्या अंगाला सांगतुया बघ रं." वेगाची पाटी लागली की बंदी संपल्याची पाटी येईपर्यंत वेगाचा काटा वर सरकू देत नसत. आणि ओव्हरटेकबंदीचं त्यांचं ठरलेलं असे, "फाट्यातनं येणाऱ्याला मागची पाटी कुठं दिसलीया? म्हणून फाट्याफुडं परत लावाय पायजे."

निपाणीकडच्या एका फाट्यावर मात्र ते गाडी थांबवत. पुढं वळण, दोन्हीकडं उंच ऊस, आणि फाट्यापुढची ओव्हरटेकबंदीची पाटी रस्ता रुंद करताना काढलेली, ती कुणी परत लावलीच नाही. मास्तरांनी मराठीत एक, कन्नडमध्ये एक असे अर्ज दिले. "हितं कुणाचा तर जीव जाणार," ते म्हणाले. मी तेव्हा हसलो होतो.

परवाना मिळून तीन महिने झाले असतील. उद्यमबागेतल्या कारखान्याचा टेंपो घेऊन मी निपाणीला निघालो होतो. फाटा गेला. पुढं उसाचा ट्रॅक्टर रेंगाळत होता. वैतागून मी टेंपो उजवीकडं काढला आणि वळणावरून मोटारसायकल आली. तो माणूस वाचला, पण त्याचा उजवा पाय गेला. वडगावचा विणकर होता, पायानं हातमाग चालवून घर चालवणारा.

पोलीस ठाण्यात मी एकच धरून बसलो, "फाट्यापुढं पाटी नव्हती. मास्तरांनी असंच शिकवलंय." मास्तरांना बोलावलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि ते म्हणाले, "व्हय सायेब. ह्येला म्या अर्धंच शिकवलं."

ते खोटं बोलले. त्याच वळणावर त्यांनी मला गाडीतून उतरवून उसापर्यंत चालवत नेलं होतं. "पाटी न्हाय म्हंजे मोकळीक न्हाय. फुडचं दिसत न्हाय तितं मागंच ऱ्हायचं," असं दोनदा म्हणवून घेतलं होतं. मला सगळं पाठ होतं. परवाना जाईल, नोकरी जाईल, या भीतीनं मी तोंड उघडलं नाही.

ही कबुली सगळीकडं झाली आणि त्यांच्याकडं शिकायला कुणी येईना. त्यांनी गाडी विकली. रस्त्यात भेटले तर माझी चौकशी करत, आणि मला तिथून पळून जावंसं वाटे.

गेल्या वर्षी ते गेले. मी भेटायला गेलो तेव्हा काकूंनी पाण्याचा तांब्या पुढं केला. "तुझ्यावर लई जीव हुता रं त्यांचा," त्या म्हणाल्या. "शेवटपतोर म्हणत हुते, त्या पोराला म्या नीट शिकवाय पायजे हुतं."

म्हणजे घरातही त्यांनी खरं सांगितलं नव्हतं. सांगायला आता मी एकटाच उरलो होतो. मी पाणी प्यायलो आणि उठलो.