पितळी इंजिनाचा ताबा

आमचे हे कवळ्या करतात. दातांचे डॉक्टर नव्हेत. डॉक्टर माप घेऊन पाठवतात आणि हे मागच्या खोलीत बसून त्या मापावर दात बसवतात. गावातले निम्मे म्हातारे ह्यांच्या दातांनी हसतात, नाव मात्र डॉक्टरांचं होतं. ह्यांना त्याचं काही वाटत नाही. मला वाटतं, पण मला विचारतंय कोण.

ह्यांची एक खोड आहे. प्रत्येक कवळीत पुढचा एक दात हे किंचित तिरका बसवतात. अगदी सरळ दात खोटे दिसतात म्हणे. डॉक्टर कुरकुरतात, हे मान डोलावतात आणि पुढच्या कवळीत पुन्हा एक दात तिरका. नवी कवळी तोंडात बसवताना डॉक्टर ह्यांना बोलावून घेतात. हे त्या माणसाला ‘सत्त्याहत्तर’ म्हणायला लावतात. ‘सत्त्याहत्तर’ नीट आलं की कवळी नीट बसली. उभा जन्म बोळक्या तोंडांचं बोलणं ऐकल्यामुळे ह्यांना ते सगळं लख्ख कळतं. हे पुढे लागणार आहे म्हणून आत्ताच सांगितलं.

माझे वडील वाफेच्या इंजिनावर ड्रायव्हर होते. आई गेल्यापासून ते आमच्याकडे असतात. त्यांच्या शेडमध्ये एक रीत होती. इंजिन दुरुस्त झालं की फिटर ‘तयार’ म्हणायचा. मग बाबा इंजिनाला एक फेरी मारायचे, प्रत्येक आसाला हात लावायचे आणि सगळं मनासारखं असलं तर म्हणायचे, ‘घेतली’. काही खुपलं तर म्हणायचे, ‘ठेवा तिथे’. कारण सांगायचे नाहीत. फिटरने ते आपलं आपण शोधायचं.

शेड सुटली, तरी हे दोन शब्द बाबांबरोबर घरी आले. मी आणलेली चप्पल, आईने निवडलेले पडदे, सगळ्याला ‘घेतली’ नाहीतर ‘ठेवा तिथे’. मी ह्यांच्याशी लग्न ठरवलं तेव्हा मात्र बाबा काहीच म्हणाले नाहीत. तो मी होकार धरला.

बाबांचे दात गेले तेव्हा ह्यांनी जीव ओतून त्यांची कवळी केली. बाबांचा मूळचा एक दात तिरका होता, तोच ह्यांनी तिरका ठेवला. बाबांनी ती बसवली, आरशात पाहिलं, काढली आणि म्हणाले, ‘ठेवा तिथे.’ तेव्हापासून ती त्यांच्या कपाटात पाण्याच्या भांड्यात होती. पाणी हे बदलायचे. बाबा हिरड्यांनी जेवायचे आणि काही कमी पडत नाही असं दाखवायचे. कवळीत काय चुकलं, हे ह्यांनी कधी विचारलं नाही. पण पाणी बदलताना ती उचलून उजेडात धरून बघायचे, ते मी पाहिलं आहे.

मग बाबांचे डोळे बिघडले. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, नजरेचा मधला भाग जाईल, कडा राहतील. म्हणजे ज्याच्याकडे बघायचं नेमकं तेच दिसणार नाही. बाबा बाहेर येऊन म्हणाले की डॉक्टर फार बोलतो.

हे ऐकून आमच्या मुलीने परदेशातून एक खोकं पाठवलं. आत पितळेचे पातळ पत्रे होते, पत्र्यांवर इंजिनाचे सुटे भाग कोरलेले. ते कापून काढायचे, वाकवायचे, डाग देऊन जोडायचे आणि वर रंग द्यायचा. बाबा चालवायचे त्याच जातीचं इंजिन, हातभर लांब. आजोबांनी हे जमवावं, अशी तिची कल्पना. आजोबांनी एक पत्रा डोळ्यांच्या कडेने पाहिला आणि ह्यांच्या हातात दिला.

ह्यांनी ते काम अंगावर घेतलं, आणि अंगावर घेतलं म्हणजे घेतलंच. बॉयलरचा पत्रा गोल वाकवला तो जबड्याच्या साच्यावर. पत्र्यावरचे रिव्हेट मागून एकेक टोचून उठवले, ते दात टोकरायच्या आकड्याने. जेवायला हाक मारली की ‘आलो’ म्हणायचे आणि यायचे नाहीत. बाबा शेजारी स्टुलावर बसून राहायचे. शिटी कुठे असते, वाळूचा डबा कुठे, हे सांगायचे, आणि मधूनमधून त्यांच्या इंजिनाच्या तक्रारी. ड्रायव्हरच्या बाजूची पायरी कशाला तरी आपटून वाकली होती, ती कुणी सरळ केली नाही, रोज नडगीला लागायची वगैरे. हे नुसतं ‘हं’ म्हणायचे. इतक्या वर्षांत दोघं एकमेकांशी एवढं कधी बोलले नव्हते. मी दाराशी काही ना काही काम काढून उभी राहायचे.

एकदा हे मला हळूच म्हणाले, “त्यांना दिसतंय तोवर झालं पाहिजे.”

घाई होती ती ह्याची. आणि घाईत ह्यांनी असा घोळ घातला, जो फक्त कवळीवालाच घालू शकतो. जोडणी झाल्यावर ह्यांनी सवयीने इंजिन पॉलिशच्या चाकावर धरलं. कवळीला शेवटी चकाकी आणायची असते, नाहीतर ती जिभेला टोचते. इंजिन कुणाच्या जिभेला लागणार होतं देव जाणे, पण ह्यांनी ते असं घासलं की त्यात तोंड बघून भांग पाडावा. बाबांना चमक तेवढी दिसली. त्यांनी विचारलं, हे इंजिन आहे का बँडवाल्याचा कर्णा.

वर काळा रंग दिला. छान बसला. आठवड्याने मी धूळ झटकायला फडकं फिरवलं आणि बॉयलरवरचा रंग दुधावरच्या सायीसारखा फडक्याबरोबर निघून आला. रंगाला धरायला जागाच नव्हती, ह्यांनी ती घासून गुळगुळीत केली होती. मी फडकं घेऊन तशीच उभी. हे म्हणाले, “तुझी चूक नाही.” ते मलाही माहीत होतं, तरी रडू आलं.

पुन्हा सगळं सुरू. रंग सोडवला, इंजिन उकळत्या पाण्यात घालून धुतलं, बारीक काचपेपरने सगळी चकाकी मारली. स्वतःच्या हाताने चकाकी मारताना ह्यांचा चेहरा बघवत नव्हता. मग काळा रंग धरावा म्हणून आधी करड्या रंगाचं अस्तर दिलं. ह्यात बरेच दिवस गेले. अस्तर सुकल्यावर हे इंजिन घेऊन बाबांपुढे आले. बाबांनी मान वळवली, तिरकं पाहिलं, समोरून पाहिलं.

“काळा चांगला बसलाय,” बाबा म्हणाले.

इंजिन अजून करडंच होतं. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी ह्यांच्याकडे. मग हे म्हणाले, “हो, बसलाय.” आणि इंजिन आत घेऊन गेले.

मला वाटलं, आता हे सोडून देतील. कुणासाठी करायचं. पण दुसऱ्या दिवशी मागच्या खोलीत डोकावले, तर हे डोळे मिटून बसले होते आणि इंजिनावरून एक बोट फिरवत होते. काळ्या रंगाचा हात इतका पातळ द्यायचे की दिलाय की नाही ते कळू नये. सुकला की पुन्हा डोळे मिटून बोट. कुठे रिव्हेट बुजला असं वाटलं तर तेवढा रंग पुसून पुन्हा. वेड लागायचं राहिलं होतं तेवढं लागलं, असं मी मुलीला फोनवर सांगितलं. सांगताना माझा आवाज नीट नव्हता, पण फोनवर ते खपून जातं.

झालं तेव्हा ह्यांनी जेवणाचं टेबल रिकामं केलं, इंजिन मधोमध ठेवलं, बाबांना खुर्चीत बसवलं आणि एकच शब्द म्हणाले.

“तयार.”

बाबांनी दोन्ही हात पुढे केले. धुराडं सापडलं, शिटी सापडली. बॉयलरवरून बोटं सावकाश मागे गेली, रिव्हेटच्या रांगेवर थांबत थांबत. एकेक आस चाचपला. मग ते खुर्चीतून उठले आणि टेबलाला वळसा घालून पलीकडे गेले. इंजिनाला फेरी मारायची म्हणजे मारायचीच, मग ते हातभर का असेना. पलीकडे त्यांचा हात केबिनच्या खाली गेला आणि तिथेच राहिला. पायरी वाकडी होती. सगळ्या इंजिनात तेवढी एकच गोष्ट ह्यांनी मुद्दाम वाकडी केली होती.

बाबांनी ती पायरी अंगठ्याने दोनदा चाचपली. मग काहीतरी म्हणाले. बोळक्या तोंडातून ‘त’ पार वाहून गेला आणि ‘घे’च्या पुढे नुसती हवा आली. मलासुद्धा कळलं.

“काय म्हणालात?” ह्यांनी विचारलं.

बाबा पुन्हा म्हणाले, जरा जोरात.

“नाही कळलं, बाबा.”

उभा जन्म बोळकी तोंडं ऐकलेला माणूस शपथेवर सांगावं तसं सांगत होता. मी तोंडाला पदर लावला. बाबांनी तिसऱ्यांदा म्हणून पाहिलं, मग कपाळाला आठ्या घातल्या आणि कपाटाच्या दिशेने हात केला.

हे गेले, भांडं घेऊन आले, कवळी निथळवून बाबांच्या हातात दिली. बाबांनी कवळी बसवली, एकदा वरखाली चावून पाहिलं आणि ह्यांच्या आवाजाच्या रोखाने तोंड करून स्पष्ट म्हणाले,

“घेतली, जावईबापू.”

हे बाबांच्या समोर आले, वाकून त्यांच्या तोंडात पाहिलं आणि म्हणाले, “हिरड्या आटल्यात. खालची ढिली पडतेय. जरा सत्त्याहत्तर म्हणा बघू.”

बाबांनी म्हटलं.