मांडवावर काय घालायचं

दिघोरीत माणसं घराचा स्लॅब एका बैठकीत ठरवतात, पोरीचं लग्न दोन बैठकीत. केवळराम ढिवराच्या घरामागच्या बाडीत साधा एक मांडव उभा करायचा होता, तर त्याच्या छताचा निकाल लागायला दिवाळीची होळी झाली. बरं, मांडव तरी केवढा? एक म्हातारा खाली पोतं टाकून बसेल आणि त्याच्यासमोर खांबाला एक जाळं टांगलेलं राहील, एवढाच.

केवळरामच्या हातचं फेकजाळ म्हणजे दिघोरीतच नव्हे, पवनीपर्यंत नाव होतं. गुडघे गेले तेव्हा त्याने तलावात उतरणं सोडलं, पण विणणं सोडलं नाही. बाजारात मशीनची जाळी मिळतात, स्वस्तही मिळतात. तरी ज्यांना पाण्यावर गोल पडणारं जाळं हवं असायचं ते केवळरामकडेच यायचे. मच्छीमार संस्थेची माणसं फाटकी जाळी दुरुस्तीला आणून टाकायची, बिडी ओढत बसायची, तलावाच्या गोष्टी करायची. तलाव त्याच्यापासून सुटला होता, पण तलावाची माणसं मांडवाखाली येत होती. म्हाताऱ्याचा सगळा रुबाब त्या मांडवाखाली होता म्हणा ना.

जुना मांडव लाकडी खांबांचा, वर धानाचं तणीस, म्हणजे पेंढा. त्या पावसाळ्यात तो एका बाजूने बसला. तणीस कुजलं, वाळवीने खांब पोखरले, आणि उरलेलं शेजारच्या बकऱ्यांनी संपवलं. मुलगा हेमराज मालवाहू ऑटो चालवतो, कामाचा उरक असलेला माणूस. त्याने निकेश वेल्डरला बोलावून लोखंडी पाइपांचा सांगाडा उभा केला. चार खांब, वर आडव्या पट्ट्या, पक्कं काम. निकेशने घाम पुसत विचारलं, "काका, आता वरतं काय टाकाचं?"

"सांगतो," केवळराम म्हणाला.

आणि तिथेच सगळं अडलं.

हिवाळाभर तो सांगाडा तसाच उघडा राहिला. ऊन कोवळं होतं, त्यामुळे कोणाला घाई नव्हती. केवळराम उघड्या पट्ट्यांखाली बसून नवं फेकजाळ विणत होता. जुना मांडव पडायच्या आधीच त्याने ते सुरू केलं होतं. हे जाळं हेमराजसाठी होतं. घरात चालत आलेली रीत अशी, की बापाने पोराला आपल्या हातचं एक जाळं द्यायचं, आणि त्या जाळ्यात पहिल्या गाठीपासून शेवटच्या गाठीपर्यंत एकच हात लागला पाहिजे. हेमराज ऑटो चालवू दे नाहीतर विमान, रीत ती रीत. केवळरामच्या बापाने त्याला असंच दिलं होतं.

आता खरी गोष्ट सांगतो, जी केवळरामने कोणालाच सांगितली नव्हती. त्याला दिसत नव्हतं.

अगदीच दिसत नव्हतं असं नाही. माणूस दिसायचा, पण कोण ते आवाजावरून कळायचं. बैल दिसायचा, शिंग दिसायचं नाही. आणि जाळ्याचा धागा, तो बारीक हिरवा नायलॉन, नुसता धुक्यासारखा झाला होता. तो बोटांच्या सवयीवर विणायचा. संध्याकाळी जाळ्यावरून हात फिरवायचा, गाठींमधली घरं सारखी लागली की मनाशी म्हणायचा, "हात अजून शाबूत हाये." तेवढ्यावर त्याला रात्री झोप लागायची.

कोणाला सांगावं तर ऑपरेशन आलं. आणि ऑपरेशन म्हटलं की त्याच्यासमोर त्याचा थोरला भाऊ धनीराम उभा राहायचा. धनीरामने बऱ्याच वर्षांपूर्वी डोळ्याचं ऑपरेशन करून घेतलं, नंतर पट्टी काढून तसाच तलावात उतरला, डोळा चिघळला आणि नजर गेली; दुसरा डोळा आधीच अधू होता. चूक धनीरामची, पण धसका केवळरामने घेतला. धनीराम मरेपर्यंत दाराशी बसून असायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला "कोण होय?" विचारायचा. केवळरामला मरणाची भीती नव्हती, त्या "कोण होय?"ची होती.

त्यामुळे छताचा प्रश्न त्याच्यासाठी छताचा नव्हताच. उजेडाचा होता. आणि हे बोलून दाखवता येत नव्हतं, म्हणून बहाणे शोधणं आलं.

पहिला प्रस्ताव हेमराजचा. घरकुलाचा स्लॅब घातला तेव्हा जुन्या घराची कवेलू, म्हणजे मातीची कौलं, काढून भिंतीला रचून ठेवली होती. "बाबा, फुकटची कवेलू पडून हायेत. टाकून देऊ. थंड राह्यते."

कवेलू म्हणजे खाली अंधार. केवळराम म्हणाला, "माकडं फोडतीन."

हे खोटं नव्हतं. दिघोरीच्या माकडांनी कितीतरी घरांना कवेलू सोडून टिना घ्यायला लावल्या आहेत. तरी हेमराज म्हणाला, "बाडीतल्या मांडवावर कायले येतीन माकडं?"

तेवढ्यात चुलीपाशी बसलेली रेवताबाई बोलली, "काहून नाइ येनार? तथी सीताफळाचं झाड हाये ना." रेवताबाई म्हणजे केवळरामची बायको. ती चाळीस वर्षं अड्याळच्या बाजारात मासोळी विकत आलेली, तिच्याशी वाद घालून जिंकलेला माणूस अजून जन्माला यायचा होता. कवेलू भिंतीलाच राहिली.

रेवताबाईचं अजून एक सांगायला हवं. ती डावखुरी. लग्न होऊन आली तेव्हा डाव्या हाताने वाढते म्हणून सासूने पुष्कळ बोल लावले. जाळं विणायला तिला केवळरामनेच शिकवलं, पण तिची गाठ उलटी पडायची. केवळरामची गाठ उजवीकडे झुकलेली, तिची डावीकडे. सासऱ्याने पाहिलं आणि म्हणाला, "हे बाईचं काम येगळं ठेव, आपल्या जाळ्यात नोको." तेव्हापासून तिच्याकडे दोरी वळणं, काठाला शिसं ओवणं, जाळं झटकून वाळवणं एवढंच राहिलं. तिनेही नाक मुरडलं आणि बाजार धरला.

दुसरा प्रस्ताव टिनाच्या पत्र्यांचा. निकेशचाच सल्ला, त्यात त्याचंही काम निघत होतं. केवळराम म्हणाला, "टिन तपते." रेवताबाई म्हणाली, "अन् पाण्यात ढोलावानी वाजते, दोघायचं बोलनं आयकू येत नाइ." निकेश म्हणाला, "काकू, तुमी दोघं बोलता कवा?" सगळे हसले, टिनही मागे पडलं.

तिसरा प्रस्ताव सून रंजूचा. ती हौशी पोरगी. तिने माहेराहून येताना हिरवी शेडनेट आणली, रोपवाटिकेवर टाकतात तसली, आणि कोणाला न विचारता सांगाड्यावर ताणून बांधूनही टाकली. छान दिसत होती. सावली पण, वारा पण. "बसा मामाजी, पाहा कसं गार वाटते!"

केवळराम बसला. सुई हातात घेतली. हिरव्या उजेडात हिरवा धागा साफ नाहीसा झाला होता. धुकंसुद्धा उरलं नव्हतं. त्याने दोन-चार गाठी घातल्या, कुठे पडल्या त्या त्याच्या देवाला ठाऊक. मग सुई खाली ठेवून म्हणाला, "पोरी, तलावाच्या बुडाशी बसल्यावानी वाटून राह्यलं. जीव घाबरते."

रंजूचं तोंड उतरलं. तिने हौसेने केलं होतं, वाईट वाटणारच. रेवताबाईने संध्याकाळी नेट सोडली, नीट घडी घातली आणि रंजूलाच दिली. "तुया मिरच्याच्या रोपायले लय कामाची हाये हे. म्हाताऱ्याले काय, उघड्यावर बसू दे." रंजू मिरच्यांमध्ये रमली, प्रकरण मिटलं. केवळरामला मनातून बायकोचं कौतुक वाटलं. आपल्या प्रत्येक बहाण्याला ही कशी वेळेवर टेकू देते! नशीब म्हणायचं.

दुपारी जेवल्यावर केवळराम डुलकी काढायचा. तेवढ्या वेळात रेवताबाई जाळं उतरवून विहिरीपाशी घेऊन जायची. "धूळ बसते, झटकून आनतो," असं म्हणायची. तो उठेपर्यंत जाळं परत खुंटीला असायचं.

महाशिवरात्र झाली आणि ऊन चावायला लागलं. हेमराज वैतागला. "बाबा, आता तुमीच सांगा. तुमाले पायजे तरी काय?"

केवळरामने पवनीच्या एका दुकानात पाहून ठेवलं होतं. "ते फायबरचे पत्रे राह्यते ना, काचावानी. ते टाक."

"पारदर्शक? पूरेच्या पूरे?"

"पूरे."

निकेशने डोक्याला हात लावला. "काका, टिनाच्या मधात एखादा टाकतेत उजेडाले. पूरे टाकान तर खाली सुकटावानी वाळान!"

भंडारा जिल्ह्याच्या उन्हाळ्यात काचेखाली बसायची हौस दुसऱ्या कोणाला झाली असती तर गावाने त्याला खुळ्यात काढलं असतं. पण रेवताबाई म्हणाली, "त्याइचा मांडो, त्याइचं डोस्कं. टाका." आणि पत्रे चढले.

होळीच्या सुमारास केवळराम त्या लख्ख छताखाली बसला. आकाशच खाली आणून ठेवल्यासारखा उजेड. अंगातून घाम निथळत होता, पण त्याला त्याचं काही नव्हतं. त्याने आशेने जाळं समोर धरलं.

धुकंच होतं.

हिवाळ्याच्या कोवळ्या उन्हात होतं तेच धुकं, फक्त आता पांढरं. तो तसाच बसून राहिला. कवेलूला दोष दिला, टिनाला दिला, बिचाऱ्या सुनेच्या नेटला दिला. आता वर दोष द्यायला काही शिल्लक नव्हतं. त्याला एकदम धनीराम आठवला, आणि खरं सांगायचं तर त्याला रडू यायला लागलं. जाळं अर्धं राहणार. पोराच्या हाती अर्धं जाळं द्यायचं आणि दाराशी बसायचं.

सुई कुठे ठेवली म्हणून त्याने हात पुढे केला. पोत्यावर चाचपलं. इकडे चाचपलं, तिकडे चाचपलं. तेवढ्यात कोणीतरी सुई उचलून त्याच्या तळहातावर ठेवली. पाटल्यांचा आवाज ओळखीचा होता.

"हेमराजचे माय," तो म्हणाला, "मले दिसत नाइ वो."

त्याला वाटलं आता ती छाती बडवेल, पोराला हाका मारेल. रेवताबाई पदराने त्याचा घाम पुसत म्हणाली, "बरं. सोमवारी भंडाऱ्याले जाऊ. मी संग राह्यतो. अन् पट्टी मी काढू देन तवाच काढाची, तलावाकडे तर पाह्यचं बी नाइ."

केवळराम थोडा खट्टूच झाला. एवढी मोठी गोष्ट सांगितली, आणि हिला आश्चर्य म्हणून नाही!

ऑपरेशन झालं, नीट झालं. रेवताबाईने त्याच्यावर पहारा ठेवला. काळा चष्मा घालून तो घरात बसला, थेंब टाकून घेतले, कुरकुरला, आणि एक दिवस डॉक्टरने चष्मा काढायला सांगितला. पहिल्यांदा त्याला रंजूच्या मिरच्यांची फुलं दिसली. मग हेमराजच्या डोक्यातले पांढरे केस दिसले, तेव्हा तो जरा दचकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सकाळी, ऊन चढायच्या आधी, तो मांडवाखाली गेला आणि खुंटीवरचं जाळं मांडीवर घेतलं. धागा दिसत होता. एकेक गाठ दिसत होती. त्याला हसू फुटलं.

मग हसू थांबलं.

ही गाठ त्याची. ही पण त्याचीच, उजवीकडे झुकलेली. ही मात्र नाही, ही डावीकडे. पुढची डावीकडे. त्याने जाळं वर ओढलं, तिथे तर ओळीच्या ओळी डाव्या. मधेमधे त्याची एखादी सरळ बसलेली गाठ, बाकी सगळं सोडवून पुन्हा बांधलेलं. म्हणजे संध्याकाळी हात फिरवून तो ज्या घरांवर खूश व्हायचा, ती घरं त्याची नव्हतीच.

कधीपासून? तो मागे मागे जात राहिला. शेडनेटचे दिवस गेले, उघड्या सांगाड्याचे गेले. अगदी वरच्या भागात, सुरुवातीच्या घेरांपाशी, एका डाव्या गाठीत काहीतरी पिवळं अडकलं होतं. त्याने नखाने टोकरलं. तणसाची काडी होती, गाठीत घट्ट आवळलेली. तणीस जुन्या मांडवाचं. म्हणजे छताचा विषय निघायच्याही आधीचं.

तिला पहिल्यापासून माहीत होतं. माकडं, ढोल, मिरच्यांची रोपं, सगळं माहीत असून. सासऱ्याने ज्या कामाला हात लावू दिला नाही तेच करत ती रोज दुपारी बसली होती, विहिरीपाशी, उन्हात, कारण मांडव एका माणसापुरता होता. ती काडी त्याने काढली नाही, तशीच राहू दिली.

रेवताबाई चहा घेऊन आली. त्याच्या मांडीवरचं जाळं पाहिलं, तो कुठल्या भागाकडे पाहतोय ते पाहिलं, आणि चहा खाली ठेवून परत वळली.

"थांब वो," तो म्हणाला. ती थांबली.

तेवढ्यात हेमराज ऑटोची किल्ली फिरवत बाडीत आला. "बाबा, आता तरी टिना टाकू का? लय तपून राह्यलं."

"टाक. मधात एक काचाचा राहू दे," केवळराम म्हणाला. "अन् निकेशले सांग, विहिरीकडे दोन खांब अजून गाडाचे, तिकून पत्रे वाढवाचे."

"वाढवाचे? कायले? तुमाले तर पुरते ना येवढं."

केवळरामने जाळ्याचं एक टोक स्वतःकडे ओढलं, दुसरं रेवताबाईच्या बाजूला सोडलं आणि सुई तिच्या पुढे धरली. तिने ती डाव्या हाताने घेतली.

"तुई माय उन्हात बसते," तो म्हणाला.